पूड तीच, दूधही चांगलं, मग चहा कुठे बिघडतोय?

वाशिष्ठीकाठ

नमस्कार. नवऱ्याच्या बदलीमुळे गेल्या जूनमध्ये आम्ही चिपळूणहून लातूरला आलो. घर लागलं, मुलांच्या शाळा मिळाल्या, शेजार तर फारच चांगला मिळाला. एक गोष्ट मात्र सहा महिने झाले तरी जमत नाहीये, ती म्हणजे सकाळचा चहा.

माझी पद्धत आईची आहे, वीस वर्षं तीच चालू आहे. दोन कपांसाठी सव्वा कप पाणी. आधण ठेवतानाच दोन चमचे साखर आणि पेरभर आलं ठेचून. उकळी फुटली की गवती चहाची एक लांब पात गाठ मारून टाकायची, मग दोन सपाट चमचे पूड, लगेच गॅस बंद आणि वर झाकण. तीन मिनिटं मुरू द्यायचा. दूध दुसऱ्या शेगडीवर वेगळं कडकडीत तापलेलं असतं. चहा गाळला की वरून तेवढं घालायचं. चिपळूणला याचा रंग विटेसारखा यायचा.

इथे तोच चहा मातकट दिसतो. आल्याचा चटका लागतो, पातीचा वास येतो, पण मधला चहाच गायब असतो. जीभ किंचित आवळल्यासारखी होते ना, ते होत नाही. पूड वाढवली तर चव येत नाही, नुसता काळपटपणा वाढतो. दूध तीनदा बदललं. पिशवीचं झालं, गवळ्याकडचं म्हशीचं झालं, आता गाईचं चालू आहे. पूड तर भावाने चिपळूणच्या आमच्या नेहमीच्या दुकानातून पाठवली.

सासूबाई ७६ वर्षांच्या आहेत. त्या तक्रार करत नाहीत, पण अर्धा कप तसाच ठेवून उठतात. तेवढं मला पुरेसं कळतं. तुम्ही तुमचा चहा कसा करता ते कृपया क्रमाने सांगा. माझं काहीतरी निसटत असेल तर तुमच्या कृतीत सापडेल.

पेठेतला

ताई, माझ्या मते तुमचा चहा उकळतच नाही, ही अडचण आहे. पूड घालून गॅस बंद करायचा हे पानाच्या चहाला ठीक. आपण वापरतो ती बारीक दाणेदार सीटीसी पूड. तिला दुधात उकळी लागते.

मी पुण्यात अमृततुल्यांच्या चहावर वाढलो. ती कला मुळात राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी कुटुंबांनी पुण्यात रुजवली. दुकानांची नावंही बहुतेक देवाच्या नावावरून, शेवटी ‘ईश्वर’ असलेली. त्यांचं पितळी पातेलं सकाळपासून आचेवरून उतरत नाही. पाणी आणि दूध एकत्र, साखर आधीच, मग पूड, आणि सुंठ-वेलदोडा त्याच क्षणी खलबत्त्यात कुटून. चहा वर आला की ओगराळ्याने उचलून उंचावरून परत पातेल्यात सोडायचा, असं पाच-सहा वेळा. मग फडक्यातून पिळून किटलीत. गाळणीतून नाही, फडक्यातून. चोथा पिळला जातो तेव्हा जो शेवटचा कडक भाग उतरतो, तो गाळणीत राहून जातो.

घरी मी एक कप दूध, एक कप पाणी, दोन चमचे साखर, दीड चमचा पूड घेतो. पूड घातल्यावर मंद आचेवर चार मिनिटं. ऊतू येऊ लागला की आच कमी करायची, पण उकळी मोडायची नाही. एकदा करून बघा.

गंजभर

आमच्या वऱ्हाडात चहा “मांडतात”, आणि तो गंजात, म्हणजे पातेल्यात, मांडतात. दूध जास्त, साखर जास्त. पाहुण्याला कमी दुधाचा चहा दिला तर ते घर लक्षात राहते. माझी आजी चुलीवर करायची, धूर लागलेला चहा. ती चव गॅसवर येत नाही, मी खूप वर्षं प्रयत्न केला.

पेठेतला यांच्याशी सहमत. उकळू द्या.

वाशिष्ठीकाठ

पेठेतला, गंजभर, मनापासून आभार. काल संध्याकाळी अगदी सांगितल्याप्रमाणे केला, फडक्यातून पिळूनसुद्धा. दाट झाला, गोडही छान. पण रंग तोच मळका. सासूबाईंनी या वेळी पाऊण कप घेतला. म्हणजे थोडा फरक आहे, पण उत्तर हे नाही असं वाटतंय.

पंचगंगेचं पाणी

पूड कशात ठेवता? चहाची पूड भोवतालचा वास आणि दमटपणा फार पटकन ओढून घेते. मसाल्याच्या डब्याशेजारी प्लॅस्टिकच्या बरणीत ठेवली असेल तर महिन्याभरात ती निम्मी मेलेली असते. स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा, कोरडा चमचा, आणि शेगडीपासून लांब.

बाकी आमच्याकडे गुळाचा चहा. तो लोकांचा हमखास फाटतो, म्हणून कृती लिहितो. पाणी, आलं, पूड नीट उकळून घ्यायची. दूध घालून पुन्हा एक उकळी. गॅस बंद. मग एक मिनिट थांबून किसलेला गूळ, आणि चमच्याने हलवायचं, परत आचेवर चढवायचं नाही. गुळात थोडा आंबटपणा असतो आणि उकळतं दूध तो सहन करत नाही. काळसर, कमी शुभ्र गूळ घ्या, त्याला चव जास्त असते. कागलकडच्या गुऱ्हाळावरचा ताजा मिळाला तर बघायलाच नको.

वाशिष्ठीकाठ

स्टीलचाच डबा आहे, देवघराच्या खालच्या फडताळात, मसाल्यांपासून लांब. गुळाची कृती लिहून घेतली. माझा दोनदा फाटला होता.

शाळेतले बाई

मी चाळीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. फाटण्याचा विषय निघालाच आहे तर आल्याचंही सांगते, कारण याबद्दल लोक दुधाला उगाच दोष देतात.

कच्च्या आल्यात प्रथिनं तोडणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. ते दुधातल्या केसिन या प्रथिनावर काम करतं. कोमट ते गरम, साधारण ६०–७० अंशांच्या आसपास ते चांगलंच जोरात असतं. म्हणून आलं दुधात टाकून सगळं मिळून तापवलं तर दूध फाटण्याची शक्यता वाढते. तेच आलं आधी पाण्यात खळखळून उकळलं तर ते विकर निकामी होतं, मग दूध घाला, काही होत नाही. वाशिष्ठीकाठ यांच्या आईंची पद्धत या बाबतीत बिनचूक आहे. त्यांना हे कुणी शिकवलेलं नसणार. हाताने शिकलेलं असतं ते.

पेठेतला यांच्याबद्दल एक. अमृततुल्याच्या चहात आलं नाही, सुंठ आहे. ती वाळलेली, जुनी. म्हणून त्यांना दूध-पाणी सुरुवातीपासून एकत्र ठेवता येतं.

दुसरं, पूड किती बारीक आहे हे बघा. पत्ती जितकी बारीक तितका रंग लवकर सुटतो. ‘डस्ट’ एका मिनिटात रंग देते आणि चार मिनिटांत कडवट होते. जाड दाण्याला वेळ लागतो. दोन्हींना एकच वेळ लावून चालत नाही.

पण तुमची पूड तीच आहे, दूध बदलून पाहिलंत, पद्धत तीच आहे. मग उरलं काय, असा विचार मी कालपासून करते आहे.

मांजराकाठची

पोरी, मी लातूरचीच. एक विचारते. तुमच्या सोसायटीत नळाला पाणी कसलं येतं, धरणाचं की बोअरचं? वरण शिजायला कुकरच्या शिट्ट्या जास्त लागतात का गं? आंघोळीला साबण फेसाळतो का?

शाळेतले बाई

हे मला सुचायला हवं होतं. पाणी!

वाशिष्ठीकाठ

मावशी, तुम्ही माझं स्वयंपाकघर बघितल्यासारखं लिहिलंत. बोअरचंच आहे. तूरडाळीला चिपळूणला तीन शिट्ट्या पुरायच्या, इथे सहा करते आणि तरी कधी कधी दाणा राहतो. मला वाटलं डाळ जुनी असेल. गीझर नोव्हेंबरमध्ये उघडला तर आत पांढऱ्या थराचा खच होता. बादलीलाही पांढरे ओघळ येतात.

प्यायला आम्ही जारचं पाणी घेतो. पण चहाला मी नळाचं वापरते, कारण ते उकळतंच ना. जंतू मरतात एवढाच विचार केला होता.

मांजराकाठची

तेच गं तेच. आमच्या बोअरच्या पाण्याचा चहा असाच होतो. माझं लग्न होऊन मी या गावात आले तेव्हा सासूने पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं, वरणाला आणि चहाला आडाचं गोडं पाणी वेगळं भरून ठेवायचं, बाकी कशालाही कुठलंही चालतं. गल्लीत दोन आड होते, एक गोड्या पाण्याचा, एक मचूळ. पावसाळ्यात पागोळीखाली घागर लावायची. त्या पाण्याचा चहा म्हणजे काय सांगू.

२०१६ च्या उन्हाळ्यात इथे मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते दिवस आम्ही बघितलेत. तेव्हापासून पाणी आलं की आधी मी ते तोंडात घेऊन बघते. गोडं असेल तर एक कळशी बाजूला जाते.

शाळेतले बाई

पाठ्यपुस्तकात आपण याला दुष्फेन किंवा कठीण पाणी म्हणतो, म्हणजे ज्याला साबणाचा फेस येत नाही ते. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असलेलं पाणी. डाळ न शिजण्याचं कारणही तेच, कॅल्शियम डाळीच्या पेशींमधल्या पेक्टिनला धरून बसतं आणि दाणा मऊ होत नाही.

चहात काय होतं बघा. चहाला जो तजेलदार तांबूस रंग आणि जिभेला आवळणारी चव असते, ती ज्या द्रव्यांमुळे येते ती अशा पाण्यात कमी उतरतात. शिवाय या पाण्यातले बायकार्बोनेट पाण्याला किंचित अल्कधर्मी करतात. त्यात चहा गडद होतो, पण निस्तेज. म्हणून तुम्ही पूड वाढवलीत की काळपटपणा वाढतो आणि चव वाढत नाही. उलट करून बघा, कोऱ्या चहात लिंबू पिळा, रंग लगेच फिका आणि लख्ख होतो. आम्ल उलट दिशेने काम करतं.

चिपळूणची जमीन जांभ्या दगडाची, वर कोकणातला पाऊस. तिथलं पाणी सहसा मऊ असतं. लातूरचा खडक काळा बेसाल्ट, बोअरचं पाणी खोलवरच्या खडकात वर्षानुवर्षं मुरलेलं. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याचा कठीणपणा दर लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा, असं आहे. म्हणजे प्यायला ‘चालतं’ असं पाणीसुद्धा चहाला अगदीच वाईट असू शकतं. बाजारात टीडीएस मोजायचं यंत्र मिळतं, पण ते सगळे विरघळलेले क्षार एकत्र मोजतं, कठीणपणा वेगळा सांगत नाही. साबणाचा फेस जास्त खरं सांगेल.

टेम्सपलीकडे

हा धागा वाचून अगदी लिहावंसं वाटलं. मी मूळ नाशिकची, लंडनमध्ये चौदा वर्षं आहे. इथलं पाणी खडूच्या थरांतून येतं, भयंकर दुष्फेन. नवीन आले तेव्हा कोऱ्या चहावर तेलकट, तपकिरी तवंग यायचा आणि कपाला आतून कडी पडायची. मला वाटायचं भांडी नीट निघत नाहीयेत. एक दिवस कामावरच्या सहकारी बाईंनी सांगितलं की हा चहाचा आणि चुन्याचा तवंग आहे. इथे यॉर्कशर टी या ब्रँडचं कठीण पाण्यासाठी केलेलं वेगळं मिश्रणसुद्धा मिळतं. मी शेवटी गाळणीचा जग घेतला, त्यात कॅल्शियम धरून ठेवणारी राळ असते. दर महिन्याला आतली पुडी बदलावी लागते.

तुम्हाला खात्री करायची असेल तर दोन पांढरे कप घ्या. एकात नळाचं उकळतं पाणी, दुसऱ्यात जारचं. दोन्हींत मोजून सारखी पूड. चहा चाखणाऱ्यांसाठी एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ३१०३, त्यात १०० मिलिलीटर पाण्याला २ ग्रॅम चहा आणि सहा मिनिटं असं प्रमाण आहे. तो चवदार चहा करायचा नियम नाही, दोन चहांची न्याय्य तुलना करायचा आहे, म्हणून इथे उपयोगी. दूध-साखर काही नको. गाळा, दहा मिनिटं तसेच ठेवा आणि खिडकीजवळ नेऊन पृष्ठभाग बघा.

पेठेतला

मी आधी इतक्या ठामपणे लिहिलं ते मागे घेतो. माझं सगळं आयुष्य खडकवासल्याच्या पाण्यावर गेलं, त्यामुळे पाणी हा प्रश्न असू शकतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही. बहीण पुण्याबाहेर नव्या सोसायटीत राहायला गेली, तिथे टँकर येतात. ती दीड वर्षं म्हणतेय की घरचा चहा आवडेनासा झालाय. तिला हा धागा पाठवतोय.

वाशिष्ठीकाठ

सगळ्यांना कळवते. आज सकाळी दोन कपांची परीक्षा केली. मुलगी वजनकाटा घेऊन उभी होती, तिला फार आवडलं.

जारच्या पाण्याचा कप लालसर, आरपार दिसणारा. चमचा तळापर्यंत दिसत होता. नळाच्या पाण्याचा कप तपकिरी, गढूळ, आणि दहा मिनिटांत त्यावर पातळ साय आल्यासारखी दिसायला लागली, चमच्याने हलवली तर तिचे तुकडे झाले. चव घेतली तर जारचा कप जिभेवर लगेच बोलला. नळाचा तोंडात जाऊन तसाच उतरला, काही म्हणालाच नाही. सहा महिने मी हे दुधाखाली झाकत होते.

मग आईच्या पद्धतीने जारच्या पाण्यात केला. पहिला कप जरा जास्तच कडक झाला, कारण मधल्या काळात मी नकळत अडीच चमच्यांवर गेले होते. दुसऱ्यांदा दीड चमचा घेतला. तो बरोबर उतरला. विटेचा रंग आला.

सासूबाईंना काही सांगितलं नव्हतं. त्यांनी बशीत ओतला, प्यायल्या, उरलेलाही ओतला. मग विचारलं, “चिपळूणहून कुणी आलं होतं का?”

मांजराकाठची

डोळ्यांत पाणी आणलंस बघ.

गंजभर

जार महाग पडत असेल तर दुसरा काही उपाय आहे का? आमच्या गावीही बोअर आहे आणि रोज चहाला बारा माणसं.

शाळेतले बाई

आहे, अर्धा उपाय आहे. बायकार्बोनेटमुळे आलेला कठीणपणा उकळल्याने जातो. आदल्या रात्री मोठं पातेलं भरून पाणी पंधरा मिनिटं खळखळ उकळा, झाकून निवू द्या. सकाळी तळाला पांढरी भुकटी बसलेली दिसेल. पातेलं न हलवता वरचं पाणी ओतून घ्या आणि चहाला वापरा. सल्फेट आणि क्लोराइडमुळे असलेला कठीणपणा मात्र उकळून जात नाही. त्यामुळे सगळ्या गावांत सारखा गुण येणार नाही. भुकटी बरीच बसली तर समजा की तुमच्याकडे हा उपाय लागू पडतोय.

पावसाळ्यात मात्र मांजराकाठची ताईंचा उपाय सर्वांत चांगला. छप्पर स्वच्छ असेल आणि पहिले दोन-तीन पाऊस सोडून दिले असतील तर पागोळीचं पाणी. गाळून, उकळून.

पंचगंगेचं पाणी

आता माझ्या मनात आलं, आमच्या गुळाच्या चहाचं लोक बाहेरगावी जाऊन कौतुक करतात आणि तिथे तो जमत नाही म्हणतात. आम्ही गुळाला श्रेय देत होतो. नदीला द्यायला हवं होतं.

टेम्सपलीकडे

वाशिष्ठीकाठ, एक विचारायचं राहिलं. पात उकळत्या पाण्यात टाकून लगेच झाकता की थोडी उकळू देता? मला इथे वाळलेला गवती चहा मिळतो, त्याला वास येतो पण गवताचा.

वाशिष्ठीकाठ

ताजी असेल तर पूड घालायच्या आधी जेमतेम अर्धा मिनिट. जास्त उकळली की सुगंध वाफेबरोबर जातो आणि गवतच उरतं. वाळलेली असेल तर बोटांनी चुरगळून गॅस बंद केल्यावर टाकून बघा, झाकणाखाली मुरू द्या. ताज्याची सर येणार नाही, पण गवताची चव कमी होईल.

आणि मावशी, तुमच्याकडे पातीचा ठोंब आहे का? माझ्याकडे चिपळूणहून आणलेल्या कुंडीत चांगला पसरलाय. तुमच्यामुळे चहा परत मिळाला, एक ठोंब तुमच्या अंगणात लागला पाहिजे.

मांजराकाठची

पूर्वी होता, दुष्काळात गेला. परत लावायचा राहिलाच. घेऊन ये. मुळाला थोडी तुमच्याकडची माती राहू दे, सगळी झटकू नकोस. चहाला धरणाच्या पाण्याची कळशी भरून ठेवते.